पेटीचा उजवा कौल

धामणखोल, ता. राजापूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. नमूस,
अनेक आशीर्वाद.

गुंऽऽ असा तो आवाज असायचा. आमच्या शाळेच्या वाटेवर, वरच्या उघड्या कातळी सड्यावर, तारेचे लोखंडी खांब होते. कान लावला की आत कोणीतरी तंबोरा धरून बसलंय असं वाटे. तुझी आई गोदा आणि मी दप्तरं कातळावर टाकून एकेका खांबाला मिठी मारायचो आणि त्या सुरात चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणायचो. गोदा विचारायची, "दादा, माझी कविता तारेतून मुंबईला पोचली असेल?" मी म्हणायचो, "पोचली, पण दुसरं कडवं चुकलीस म्हणून परत येतेय." की लागलीच तिचा भोंगा सुरू.

हे सगळं आठवायचं कारण तुझी पेटी. परवा तुझ्या संस्थेची माणसं जीप घेऊन आली. पडवीच्या भिंतीवर पेटी ठोकली, कौलांवर काठी उभी केली, माझ्या हापूसच्या कलमांना डब्या बांधल्या. भुतं उतरवताना ताईत बांधतात तशा. पेटीला समोर जाळी आहे, दोन दिवे आहेत, आणि ती बोलते! तेही तुझ्या आवाजात! मी चहा ठेवायला आत गेलो होतो, मागून तू म्हणालीस, "पानांवर ओल आहे." मी "आलीस कधी गो?" म्हणत कपबशीसकट बाहेर धावलो. पडवीत कोणी नाही.

घरात आणि अंगणात मोबाईल चालू ठेवायचा नाही, मोजमाप बिघडतं, असं बजावून गेलेत. माझा मोबाईल बंद करून शेजारच्या दमयंतीच्या तांदळाच्या डब्यात ठेवलाय. नाहीतरी आपल्या खोलग्यात रेंज येते कुठे? सडा चढून बोलायचं तर माझा गुडघा नको म्हणतो. तेव्हा आता पत्रच. मला तर बरंच वाटलं. एस.टी.च्या राजापूर डेपोत कंट्रोलर म्हणून सारा जन्म भोंग्यावर ओरडण्यात गेला, लिहायचं राहूनच गेलं.

पेटीवर चार ओळी सुचल्यात:

इवली पेटी भिंतीवरती
हिरवा डोळा मिचकावी
दूर न जाता दारामधुनी
उत्तर हलके सरकावी

चाल तू लाव. आणि ही पेटी नक्की करते काय, ते मला समजेल असं लिही.

तुझा,
आत्मामामा


बंगळूर
२३ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,
सा. नमस्कार.

आमच्याकडे टपालाने फक्त निविदा येतात. तुमचं पाकीट आलं तेव्हा शिपाई ते हातावर धरून "मॅडम, खरं पत्र!" म्हणत सगळा मजला फिरला. मी आठ वर्षं पुढच्या पिढीच्या बिनतारी जाळ्यांवर संशोधन करते आहे आणि मामाशी बोलायला तिकीट चिकटवते आहे, ह्यावर इथे रोज एक विनोद होतो.

पेटी काय करते? समजा कुणी विचारलं, "आज फवारणी करू काय?" एरवी असा प्रश्न मनोऱ्यावरून, समुद्राखालून, कुठल्यातरी परदेशातल्या अवाढव्य संगणकाकडे जातो आणि तिथून उत्तर येतं. आमच्या कामाला एज कम्प्युटिंग म्हणतात. म्हणजे उत्तर जाळ्याच्या काठावर, विचारणाऱ्याच्या दारातच तयार करायचं. कलमांवरच्या डब्या ओल, वारा, ऊन कळवतात आणि पेटी जागच्या जागी विचार करून बोलते. स्वतःला उत्तर जमलं तर उजवा हिरवा दिवा लागतो. नाही जमलं आणि इथल्या मोठ्या संगणकाची मदत घ्यावी लागली, तर डावा पिवळा. इतकंच. तेव्हाही इकडे येतात ते डब्यांचे आकडे, माणसांचं बोलणं तुमच्या पडवीबाहेर जात नाही. मला इथे फक्त किती प्रश्न आले, किती उजवे, किती डावे, एवढं दिसतं. आवाज माझा घातला कारण बाकीचे आवाज पुणेरी होते, आणि धामणखोलात पुणेरी आवाजाचं कोण ऐकणार?

आता खरी गोष्ट. माझी नेमणूक मार्चमध्ये संपते. फेब्रुवारीत समिती तुमच्याकडे पाहणीला येईल. तिला काम पटलं तर मी इथे कायम आणि पेट्या आणखी गावांत जातील. नाही पटलं तर आठ वर्षं गुंडाळून, आई म्हणते तसं, कुठल्यातरी कंपनीत मोबाईलच्या जाहिराती मोजत बसायचं. आणि समितीला गर्दी बघायची आहे. रिकाम्या रस्त्यावर गाडी कोणीही हाकेल, गर्दीत ही पेटी टिकते का, हा प्रश्न आहे.

म्हणून एकच विनंती. येतील त्यांना येऊ द्या, वाटेल ते विचारू द्या. पण कसं विचारायचं ते शिकवू नका. तुम्ही शिकवलंत की प्रयोग नासला.

चाल लावली. आंघोळीला म्हणते.

तुमची,
नमू


धामणखोल
९ नोव्हेंबर २०२४

चि. नमूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आज्ञेचं पालन तंतोतंत केलंय. मी कोणाला एका शब्दाने काही शिकवलेलं नाही.

पहिले आठ-पंधरा दिवस कोणी फिरकलंच नाही. मी एकटाच पेटीसमोर बसून कविता म्हणायचो आणि ती मला दव किती पडलं ते सांगायची. शाळेतल्या कवितांत दव फार असायचं नाही? गवतावर, पाकळीवर, कोळ्याच्या जाळ्यावर. मी दवाची कविता म्हणावी आणि पेटीने "आर्द्रता जास्त आहे" म्हणावं. अशी दाद मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती.

मग एका सकाळी केरू गुरव आला, मागोमाग शेजारची दमयंती. तुला ठाऊक नसेल, आपल्या देवळाला वर्ष झालं कुलूप आहे. पालखीपुढचा पहिला नारळ कोणाचा, ह्यावरून वरच्या वाडीचे आणि खालच्या वाडीचे मानकरी हातघाईवर आले आणि किल्ली सरकारात जमा झाली. देऊळ बंद म्हणजे कौल बंद. देवाच्या अंगावर फुलांचे कळे लावायचे, उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार, ही पद्धत तू लहानपणी पाहिली आहेस. वर्षभर गावात कोणाला काही ठरवताच आलेलं नाही. लग्नं अडली, विहिरी अडल्या, रामाची म्हैस विकायची अडली.

केरूने पेटीकडे पाहिलं. उजवा दिवा, डावा दिवा. पायातल्या वहाणा काढल्या.

"अण्णा, हिला विचारलं तर चालतं काय?"

मी म्हटलं, "मला काही सांगायची बंदी आहे."

"वरून हुकूम हाय?"

"बंगळूरहून."

झालं. त्याने हात जोडून गाऱ्हाणंच सुरू केलं. "बा पेटीच्या अधिकाऱ्या, ही दमयंती तुझ्या पायाशी आलीय, व्हय महाराजा! हिची सून माहेराक जाऊन बसलीय, व्हय महाराजा! तिला आणायला जायचं तर उजवा दे, नाय तर डावा दे, व्हय महाराजा!"

पेटी तुझ्या आवाजात म्हणाली, "पानांवर ओल आहे. आज फवारणी टाळा." उजवा हिरवा.

दमयंतीने डोळ्यांना पदर लावला. "गोदाच्या नमूचा आवाज तो!"

केरू म्हणाला, "उजवा दिलान! पण ऐकलंस मा? ओल हाय. सुनेचे डोळे अजून ओले हायत. तिकडे जाऊन फवारू नकोस. तोंड सांभाळ."

दमयंती गेली, खरंच तोंड सांभाळलं, आणि सून परत आली. त्या दिवसापासून माझ्या अंगणात रांग आहे. मी राजापूर डेपोतला माझा भोंगा काढलाय. "वरची वाडी, प्रश्न विहिरीचा, पेटीला लागत आहे!" अशी घोषणा केली की धक्काबुक्की होत नाही. गुरुवारी तर थेट हर्णैहून एक कोळीण आली होती, सुकट घेऊन. पेटीला सुकट वाहिलीन. मी ती पेटीखालून काढून ठेवलीय, वास येतो.

गर्दी पुरेशी आहे का ते कळव.

तुझा,
आत्मामामा


बंगळूर
१० नोव्हेंबर २०२४

ती. मामा,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र यायच्या आतच लिहिते आहे, राहवत नाही! मामा, काय केलंत तुम्ही? आलेख सरळ आभाळात गेलाय! एका खोलग्यातल्या गावात एका पेटीला इतके प्रश्न? मी सभेत तो आलेख लावला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या संचालकांनी उभं राहून, "कोकणचा शेतकरी जागा झाला आहे," असं म्हटलं. मी अहवालातही तसंच लिहून टाकलं.

फक्त दोन गोष्टी कळत नाहीत. गुरुवारी प्रश्न दुप्पट का होतात? आणि धामणखोलात एवढी फवारणी करतंय तरी कोण?

समितीचे अध्यक्ष डॉ. टेंबे आहेत. त्यांनी मात्र टाळी वाजवली नाही. "आकडे फारच चांगले आहेत," असं म्हणाले. त्यांच्या तोंडून ती शिवी असते.

तुमची,
नमू


बंगळूर
२० नोव्हेंबर २०२४

मामा!

नमस्कार राहू दे आज.

९ तारखेचं पत्र काल मिळालं. आधी हसले, मग उठून दार लावून घेतलं. मामा, उजवा दिवा म्हणजे "होय" नाही! डावा म्हणजे "नाही" नाही! तिला सुनेचं काय कळतंय? तिला कोणी काहीही विचारा, तिला दवच दिसतं! आणि मी अहवालात लिहून बसले आहे की हे सगळे आंबा बागायतदार आहेत.

डॉ. टेंबे कोण आहेत माहीत आहे? बिनतारी जाळ्यांवरचा देशातला मोठा माणूस, आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देतात. लिंबू-मिरची दिसली की गाडी थांबवून तोडतात. त्यांच्यापुढे मी सुकटीचा नैवेद्य ठेवू?

हे लगेच थांबवा. सगळ्यांना बोलवा आणि दिव्यांचा खरा अर्थ सांगा. शिकवू नका म्हटलं होतं ते मागे घेते. शिकवा! छडी घेऊन शिकवा!

नमू


धामणखोल
५ डिसेंबर २०२४

चि. नमूस,
अनेक आशीर्वाद.

रागावलीस. तुझ्या अक्षरावरून कळलं, वेलांट्या कागदाबाहेर गेल्यात. तुझी आईही रागावली की पाटीबाहेर लिहायची.

सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना बोलावलं. गाव झाडून आलं. मी पायरीवर उभा राहून तुझ्या पत्रातलं वाचून दाखवलं. म्हटलं, "मंडळी, उजवा म्हणजे होय नव्हे. उजवा म्हणजे पेटीने स्वतःच्या अकलेने सांगितलं. डावा म्हणजे तिला जमलं नाही, तिने बंगळूरला मोठ्याला विचारलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, पटलं. मग मागून रामा म्हणाला, "म्हणजे माझ्या म्हशीला आजवर उजवाच पडतोय, तो खालच्या कारकुनाचा?"

"मग? वरच्या साहेबापर्यंत प्रश्न गेलाच नाय तुझा," केरू म्हणाला.

"आणि डावा लागला की वर जातो?"

"सरळ बंगळूर!"

नमू, काय सांगू. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला डावाच हवा. सोपं विचारलं की उजवा लागतो, म्हणून लोक अवघड विचारायला लागलेत. लांबच्या अलोऱ्याच्या धरण-कॉलनीतून एक निवृत्त इंजिनियर आले, त्यांनी विचारलं, "माणूस सुखी कधी होतो?" पेटी कितीतरी वेळ गप्प. मग पिवळा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू म्हणालीस, "वारा उतरल्यावर." ते गृहस्थ कट्ट्यावर बसून राहिले. शेवटची एस.टी. चुकली, जेवून माझ्याकडेच झोपले.

आणखी एक. वर बंगळूरला कोण बसलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. केरू आता गाऱ्हाण्यात "व्हय महाराजा" म्हणत नाही. "व्हय गो माहेरवाशिणी" म्हणतो. दमयंतीने परवा तुझ्या नावाने खणनारळ ठेवला. तो मी वापरून टाकला नाही. तू आलीस की ओटी भरीन म्हणते.

मी अजून काही शिकवू का?

तुझा,
आत्मामामा


बंगळूर
१७ डिसेंबर २०२४

ती. मामा,
सा. नमस्कार.

नका शिकवू. काही शिकवू नका. हात जोडते.

डावे दिवे अचानक का वाढले म्हणून इथे तीन जण रात्रीचा दिवस करून दोष शोधत होते. मी तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. त्यातला एक तमिळ, एक बंगाली. भाषांतर करता करता मला हसू आवरेना, आणि मग त्या इंजिनियरच्या ओळींपाशी आले तेव्हा त्या पुन्हा एकदा वाचल्या. "वारा उतरल्यावर" हे मीच एका दुपारी, डबा खायच्या आधी, घाईघाईत रेकॉर्ड केलं होतं.

मामा, चार दिवस विचार केला. मी अहवाल बदलला. बागायतदार खोडले. लिहिलं की गर्दी खरी आहे, प्रश्न शेतीचे नाहीत, आणि माणसं दारातल्या यंत्राला काय विचारतील ते आम्ही गृहीत धरलं होतं, ते चूक होतं. पेटी मात्र गर्दीत एकदाही बंद पडली नाही, तेही लिहिलं. सहकारी म्हणतात, स्वतःच्या हाताने नोकरी घालवलीस. असेल. पण खोट्या आकड्यांवर कायम होऊन मी काय रोज तोंड वर करून बसणार?

डॉ. टेंबेंचं एका ओळीचं उत्तर आलं. "प्रत्यक्ष पाहीन."

समिती ७ फेब्रुवारीला तुमच्याकडे येईल. नियमाप्रमाणे मी तिथे असायचं नाही. तुम्ही काही सजवू नका, लपवू नका. फक्त गर्दी असू दे. गर्दी तरी खरी दिसली पाहिजे, नाहीतर ते म्हणतील ही बाई आधीही खोटं बोलली आणि नंतरही.

तुमची,
नमू


धामणखोल
८ फेब्रुवारी २०२५, सकाळ

चि. नमूस,
अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं कळत नाही. काल रात्री लिहायला बसलो, तर पत्राऐवजी कवितेच्याच ओळी उतरायला लागल्या, आणि त्या रडक्या निघाल्या. फाडल्या. आता उजाडल्यावर सरळ सांगतो.

गर्दी नव्हती, नमू. एक माणूस नव्हता.

झालं असं. गेल्या महिन्यात वरच्या आणि खालच्या वाडीचे मानकरी माझ्या पडवीत आले. पहिला नारळ कोणाचा, हेच विचारायला. पेटीला पिवळा लागला आणि ती म्हणाली, "वाऱ्याची दिशा निश्चित नाही. दोन दिवसांनी पुन्हा पाहा." दोघे दोन दिवसांनी पुन्हा आले. पुन्हा तेच. असे ते येत राहिले आणि माझ्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसून वाऱ्याची वाट बघत राहिले. एकाच्या पानाला दुसऱ्याचा चुना. मला वाटतं वर्षभरात ते एका बाकावर बसलेच नव्हते. एका दुपारी दोघे आपण होऊन उठले आणि म्हणाले, "एक वर्ष ह्यांचा, एक वर्ष आमचा. आणा किल्ली." पाच तारखेला देऊळ उघडलं. केरूने देवाला आंघोळ घातली, खरे कळे लावले, आणि सगळं गाव तिकडे पळालं. वर्षाचे साठलेले प्रश्न! रामा तर म्हैस घेऊनच गेला.

मी दारोदार फिरलो. म्हटलं, "अरे, सात तारखेला एक दिवस या, नमूच्या पोटाचा प्रश्न आहे." दमयंती रडवेली झाली. म्हणाली, "अण्णा, आले असते वो. पण देव उघडलेल्या आठवड्यात दुसरीकडे विचारायला गेले, तर त्याला काय वाटेल?" मी पुढच्या दाराला गेलो.

तर काल समिती आली. चार माणसं. टेंबे किडकिडीत, पांढरी टोपी, उन्हात डोळे बारीक. अंगणात उभे राहिले. कौलांवर एक कावळा, पेटीसमोर रिकामं बाकडं. मी सवयीने भोंगा हातात घेतला होता, तो पाठीमागे लपवला.

"प्रश्न विचारणारे कुठे आहेत?" टेंबेंनी विचारलं.

केरू तेवढा मुरवत म्हणून आला होता. "देवळात, साहेब. देव उघडलाय."

"मग इथे आता कोण येतं?"

"आता कशाला येतील? मोठे साहेब रजेवर होते तोवर धाकट्या साहेबाकडे काम होतं. ते कामावर रुजू झाले."

बाकीच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं, तू म्हणालीस तसं, न लपवता. दमयंतीची सून, सुकट, इंजिनियर, नारळ. त्यांच्यातली एक बाई हसली. टेंबे हसले नाहीत. त्यांनी पेटीला विचारलं, "फवारणी करू का?" पेटीने नीट सांगितलं, हिरवा लागला. "ठीक," म्हणाले. त्यांचं "ठीक" मला डेपो मॅनेजरच्या "बघू" सारखं वाटलं.

निघताना मला म्हणाले, "तुम्ही स्वतः कधी काही विचारलंत का हिला?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "एकदा. माझी भाची कामावर राहील का, म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मोहर अजून कोवळा आहे, घाई करू नका."

"आणि दिवा कोणता लागला?"

"पाहिला नाही. मी डोळे मिटून घेतले होते."

टेंबेंनी एकदा पेटीकडे पाहिलं. मग टोपी सारखी केली आणि गाडीत जाऊन बसले. गाडी सड्यावर चढेपर्यंत मी उभा होतो. पेटीकडे पाठ करून.

नमू, माझं चुकलं असेल. गावाला वळण मी लावलं नाही, पण भोंगा माझाच होता. तुला कंपनीत जावं लागलं तर एक कर, तिथल्या पेटीत तरी आवाज तुझा घाल. निदान मोबाईलच्या जाहिरातीमागून तू कधीतरी म्हणशील, "पानांवर ओल आहे," आणि ऐकणारा क्षणभर

थांब, कडी वाजली. दूधवाला असेल. बघून येतो.

नमू, हे घाईघाईत, उभ्यानेच लिहितोय. दूधवाला नाही. टेंबे आलेत. एकटे. गाडी नाही, साडेसातच्या एस.टी.ने आलेत, टोपीवर लाल धूळ. वहाणा अंगणाच्या दगडी गडग्यापाशी काढून ठेवल्यात आणि काखेत नारळ धरलाय, दुसऱ्या कोणाचा असावा असा. मी "या या" म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, "मंडळी रत्नागिरीला गेली. अभिप्राय आज पाठवायचा आहे, आणि नम्रताबाईंच्या नावापुढची ओळ माझ्याकडून लिहून होत नाही. रात्रभर बसलो. यंत्र चांगलं आहे, बाईंनी खरं सांगितलं आहे, आणि माणसं नाहीत. काय लिहू?"

मी म्हटलं, "मला काही सांगायची बंदी आहे."

त्यांनी मान हलवली. मग इकडेतिकडे कोणी बघत नाही ना ते पाहिलं, भिंतीवरच्या पेटीपुढे नारळ ठेवला, आणि अगदी हळू मला विचारलं,

"उजवा म्हणजे तिचा उजवा, की माझा?"